पपईच्या देठातली मेणबत्ती

धम्मशीला किंचाळली, तेव्हा गल्लीत कोणाचा विश्वासच बसेना. या बाईचा आवाज आजवर कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. लेकीच्या, प्रियांकाच्या, वेळी बाळंत होताना तिनं ओठ चावून रक्त काढलं, पण ओरडली नाही. नवऱ्याची, म्हणजे नागेशची, ऑटो पूर्णा रोडला उलटली तेव्हाही नाही. न्हाणीत साप निघाला तर ही सासूला काय म्हणते, "आत्याबाई, जरा पाय वर घ्या." अशी बाई! आणि बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, हीच बाई अंगणात पोतं सोडायला बसली आणि अशी किंचाळली की शेजारणीची भाकर तव्यावर करपली.

पोत्यात काय होतं ते सांगायचंच आहे. पण ही बाई कोण, हे कळल्याशिवाय त्या किंकाळीचा अर्थ लागायचा नाही. चुडावा गावात अजून काही शहाणे म्हणतात, किडे बघून घाबरली. डोंबल! किड्यांना घाबरणारी बाई नव्हे ती. घरातल्या कोळ्याला झाडूवर बसवून बाहेर लिंबाखाली सोडून येणारी आणि मुंग्यांची रांग दिसली तर घागर उचलून दुसऱ्या वाटेनं जाणारी. "शील घेतलंय तर पाळावं की," एवढंच तिचं म्हणणं. त्याचा गाजावाजा कधी नाही.

तिचं माहेर गंगाखेडच्या अलीकडचं, गोदावरीच्या काठचं. बाप उसाच्या फडात राबायचा, पण संध्याकाळी हातपाय धुऊन बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. दिवा नाही, मेणबत्तीच. वाण्याच्या दुकानातली, पांढरी, बारकी. ती विझली की ही पोर फरशीवर सांडलेले मेणाचे थेंब नखानं खरवडायची, त्यांची गोळी करायची, आईच्या फाटक्या लुगड्याचा दोरा त्यात घालायची आणि पुन्हा पेटवायची. घडीभर जळायची ती. पण हिचा आनंद असा की शेजारच्या पोरी बघायला यायच्या. वाया घालवायचं नाही, हा तिचा जन्माचा रोगच म्हणा ना.

हा रोग घेऊनच ती लग्न होऊन चुडाव्याला आली. स्टेशनच्या अंगाला वस्ती, वस्तीच्या मध्यभागी विहार, आणि विहाराच्या अंगणात तिच्या सासऱ्यांनी लावलेला पिंपळ. सासरे कधीचेच गेले, पिंपळ मात्र आभाळाला टेकला. वस्तीत त्याला कोणी पिंपळ म्हणत नाही, बोधिवृक्षच म्हणतात. त्याच्या वरच्या फांदीला दर साली आग्या माश्यांचं मोहोळ बसायचं. सुपाएवढं. पोरांनी दगड उचलला की धम्मशीला घरातून बोट दाखवायची, आणि पोरं दगड टाकून द्यायची. "ह्या आपल्या पाहुण्या हायत," ती म्हणायची. "आजपर्यंत कुणाला चावल्या का?" नव्हत्याच चावल्या.

चौदा एप्रिल झाली की विहाराच्या ओट्यावर मेणाचा नुसता थर व्हायचा. लोक खराट्यानं खरडून नालीत टाकायचे. हिला ते बघवेना. घमेलं घेऊन गेली आणि सगळं गोळा करून आणलं. चुलीवर पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. गाळलं, पण ओतायचं कशात? प्लास्टिकच्या नळ्या नको म्हणाली. परसात पपई होती. पपईचं पान तोडलं की त्याचा देठ आतून पोकळ, हे तिला पोरपणापासून ठाऊक. देठ कापले, खालून चिखलाचं बूच, मधोमध घरच्या कापसाची पिळलेली वात, आणि वरून मेण. गार झाल्यावर देठ उभा चिरला, तर आतून मेणबत्ती निघाली, सरळ आणि गुळगुळीत. चिरलेले देठ शेळीनं खाल्ले. सांगा, यात वाया काय गेलं?

वस्तीतल्या बाया लय हसल्या. "धम्मशीला उष्ट्या मेणबत्त्या करायली!" सासू सरजाबाई तेव्हा धडधाकट होती, डोळेही शाबूत होते. ती ओट्यावरून गरजली, "उष्टी तर उष्टी! उजेड बी उष्टा असतोय व्हय गं?" त्या दिवसापासून कोणी हसलं नाही. सरजाबाईच्या तोंडाला कोण लागणार!

पुढं बचत गटाकडून परभणीला एक प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, दुकानातलं मेण म्हणजे जमिनीतून काढलेल्या तेलाचा गाळ. धूर काळा, छातीला वाईट, आणि मातीत कधी जिरत नाही. खरं मेण मधमाशीचं. निसर्गाचं निसर्गात. कोणीतरी विचारलं, ते मिळायचं कुठून? बाई म्हणाल्या, मध पिळून झाल्यावर पोळ्याचा चोथा उरतो, लोक तो फेकून देतात, तो गोळा करा.

फेकून देतात! झालं. धम्मशीलाच्या डोक्यात तेवढाच शब्द बसला. परतीच्या रस्त्यात तिनं खिडकीबाहेरही बघितलं नसेल. घरी आली ती तडक किशनरावाकडे गेली. किशनराव म्हणजे गावाच्या पलीकडच्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, राहणारा म्हातारा, मोहोळं उतरवून सायकलवर डबा बांधून गावोगाव मध विकणारा. "किशनमामा, मध पिळून झाल्यावर चोथा फेकून देताव ना? तो मला द्या. फुकट नको." किशनराव बिडी ओढत "हूं" म्हणाला. पुढच्या खेपेला त्यानं वितळवून आणलेली मेणाची लादी तिच्या दारात ठेवली. पिवळीजर्द, गुळाच्या ढेपेसारखी. वास असा की सरजाबाई म्हणाली, "चाटून बघू का?"

त्या मेणबत्तीनं धम्मशीलाचं नशीब पालटलं म्हणा. धूर नाही, गळती नाही, आणि पेटवली की खोलीभर मधाचा मंद वास. आधी विहार, मग वस्ती, मग पूर्णेची लग्नघरं. परभणीच्या प्रदर्शनात तिनं टेबल लावलं, तेव्हा कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरी घोळका करून उभ्या राहिल्या. प्रियांकाला हस्ताक्षराची हौस. तिनं आईसाठी पाटी रंगवली. मजकूर मात्र धम्मशीलाचा स्वतःचा. "पर्यावरणपूरक मेणबत्ती. कोणत्याही जीवाला इजा न करता." खालच्या ओळीचा शब्द न् शब्द तिनं रात्रभर घोळवला होता. पाटी दारावर लागली. येणारा-जाणारा वाचायचा आणि ती आत चुलीपुढे बसून ऐकायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा गर्व वाटला. वाटू द्या की! कोणाचं काय घेतलं होतं तिनं?

मागणी वाढली, लाद्या वाढल्या. किशनराव आधी महिन्याकाठी यायचा, तो आठवड्याला यायला लागला. इतका चोथा कुठून येतो, हे विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. येईल कसं? लादी स्वच्छ, पिवळी, वासाची. लादीवर काही लिहिलेलं नसतं.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहार कमिटीचे अध्यक्ष भगवानराव तिच्या दारात आले. रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. "धम्मशीला, यंदा वंदना तू घ्यायची. अन् मूर्तीपुढं तुझीच मेणबत्ती पाहिजे, मोठी! घरटी एक-एक बारकी वाटायची, ती बी तुझीच." आजवर वंदना घ्यायचा मान वस्तीतल्या कोणत्याच बाईला मिळाला नव्हता. भगवानराव गेल्यावर धम्मशीलानं घरात जाऊन पदरानं डोळे पुसले. मोठी मेणबत्ती तिनं बांबूच्या जाड पेरात ओतली. गुडघ्याएवढी उंच. बारक्यांसाठी मेण कमी पडत होतं म्हणून किशनरावाला निरोप धाडला, आणि सासूला घेऊन भाचीच्या लग्नाला माहेरी गेली.

परत आली ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. एसटीतून उतरून, उन्हानं जीव कासावीस झालेला, तशीच घरी. दारात पोतं.

"लादी न्हाई, पोतं कामून ठेवलं मामानी?" असं म्हणत तिनं सुतळी सोडली. वास आला. मधाचा नव्हे. जळालेल्या केसांचा. तिला वाटलं, पोत्याचाच असेल. हात घातला. हाताला मऊ लागलं, ओलं लागलं. बाहेर ओढलं तर अख्खं पोळं, दुमडून कोंबलेलं. एका कडेनं काळं झालेलं. आणि खणाखणातून पांढऱ्या अळ्या. तांदळासारख्या, भरगच्च, एकेका खणात एकेक. काही खणांतून अर्ध्या बाहेर आलेल्या माश्या, डोकं बाहेर, अंग आत, तशाच मेलेल्या. पोत्याच्या तळाशी पंखांचा आणि जळक्या माश्यांचा गोळा. आणि त्या गोळ्यातून एक माशी चालत आली. पंख नव्हते तिला. ती धम्मशीलाच्या बोटावर चढली, मनगटापर्यंत आली आणि तिथं थांबली. चावली नाही.

तेव्हा ती किंचाळली.

सरजाबाईला आता नीट दिसत नाही. ती भिंत चाचपडत आली. "काय झालं गं? इचू हाय का?"

"न्हाई, आत्याबाई." धम्मशीलाचे दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात. "पिल्लं हायत."

"कुणाची पिल्लं?"

"मेणात पिल्लं हायत, आत्याबाई. मेणात."

सरजाबाईनं हात पुढे केला, पोळ्यावरून फिरवला, आणि चटकन मागे घेतला.

धम्मशीला उठली आणि चालायला लागली. पायात एक चप्पल स्वतःची, एक सासूची. आखाड्यावर किशनराव बाभळीच्या सावलीला खाट विणत बसला होता. तिला बघून हसला. "पोहोचलं का पोतं? वितळवायला टाइम न्हाई भेटला बाई, म्हणून तसंच टाकलं. तुला घाई हाय म्हणले."

"मामा, चोथा म्हणलाव ना तुमी?"

"मी कवा म्हणलो? तू म्हणलीस चोथा. मी हूं म्हणलो."

किशनरावानं सुतळी खाली ठेवली. त्याला खरंच कळत नव्हतं की हिला झालंय काय.

"अगं बाई, मधाचं पोळं सालात भेटतंय कितीक? अन् पिळल्यावर त्याचं मेण निघतंय मूठभर. तुला लागतंय घमेलं-घमेलं. मग कुठून आणावं? दिसलं मोहोळ की उतरवायलो. मध असो, नसो."

"अन् माश्या?"

"आग्या हायत त्या. पाया पडून उठतेत व्हय? पलिता लावावा लागतोय."

"मरतेत?"

किशनराव तिच्याकडं बघतच राहिला. "जाळावर धरलं तर काय, नाचतेत? काय विचारायलीस बाई!" मग आठवल्यासारखं म्हणाला, "पहिलं आसं न्हवतो करत. पहिलं मी नुसता धूर द्यायचो. मधाचा कोपरा तेवढा कापून घ्यायचो, पिल्लाचा भाग तसाच ठेवायचो. परत बसायच्या तिथंच. पण मधाला आता गिऱ्हाईक ऱ्हायलं का? दुकानात बाटल्या भेटायल्यात. बरं झालं तुझं मेण निघालं. तुझ्यामुळं पोट चाललं बघ माझं."

आणि म्हाताऱ्यानं चक्क तिला हात जोडले.

ज्या लाद्यांचा तिनं वास घेतला, सासूला ज्या चाटाव्याशा वाटल्या, त्या प्रत्येक लादीमागे पलिता होता. आणि पलित्यामागे ती होती. मध नसलेली मोहोळंसुद्धा. म्हणजे तिनं मेण मागितलं नसतं तर कोणी हात लावला नसता अशी मोहोळं. ती वळली. तेवढ्यात किशनराव मागून म्हणाला, "अन् ह्या पोत्याचं काय मनाला लावून घेतीस? हे तर तुमच्याच भगवानरावांनी सांगितलं म्हणून उतरवलं. पिंपळावरचं."

"कुठल्या पिंपळावरचं?"

"तुमच्या इहाराच्या. तुला ठाव न्हाई व्हय?"

ती पळत आली म्हणतात. विहाराच्या अंगणात मांडव घालायचं काम चाललं होतं. धम्मशीलानं मान वर केली. फांदीच्या खाली काळा पट्टा, पानं करपलेली, आणि मोहोळाच्या जागी फिकट डाग. त्या डागाला मूठभर माश्या लटकून होत्या. तिथं काही नव्हतं, तरी होत्या. पिंपळाचा पार झाडून काढला होता, पण फरशीच्या भेगांत पंख अडकले होते. जी जागा ती पोरांना बोटानं दाखवायची, त्या जागेकडं आता मजूर बघतही नव्हते. मांडववाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, परवा दिवस मावळताना काम उरकलं. नागेश घरीच होता म्हणे. पण नागेशला समोरचं गिऱ्हाईक दिसत नाही, पिंपळावरचं मोहोळ काय दिसणार!

भगवानराव खुर्ची उचलत आले. "आलीस का! बघ, मांडव कसा झालाय."

"काका, पिंपळावर पलिता लावला?"

"लावावा लागला बाई." भगवानरावांचा आवाज सरळ होता, लपवाछपवीचा नव्हता. "लाउडस्पीकर लागणार, उदबत्त्यांचा धूर व्हणार, लेकरंबाळं बसणार. उठल्या असत्या तर कोण जिम्मेदार? म्या किशनरावला सांगितलं, काढून टाक. अन् मेण वाया घालू नको म्हणलं, धम्मशीलाच्या दारात नेऊन टाक, तिच्या कामाचं हाय. तूच शिकवलंस की आमाला, काही वाया घालायचं न्हाई."

तिला मारल्यासारखं झालं. तिचेच शब्द! कोणाला शिवी द्यावी, तर समोर कोणी वाईट माणूसच नव्हता.

"काका, बोधिवृक्ष हाय हा. अन् उद्या पौर्णिमा हाय."

भगवानरावांनी एकदा वर बघितलं. चेहरा उतरला त्यांचा, ते लपलं नाही. पण लगेच सावरून म्हणाले, "झालं ते झालं. उद्या चार गावची माणसं येणार. तू गुमान वंदना घे, मेणबत्ती लाव. लोकात काही बोलू नको. बोललीस तर इज्जत कुणाची जाईल? तुझ्या दारावरची पाटी वाच एकदा."

पाटी! तिनं घरी येऊन पाटी वाचली. कोणत्याही जीवाला इजा न करता. स्वतःच मजकूर ठरवला होता, रात्रभर घोळवून. तिनं पाटी खिळ्यावरून काढली आणि तोंड भिंतीकडं करून परत टांगली. पोतं लिंबाखाली पुरलं. मनगटावरची ती माशी आखाड्यावर जाण्याआधी तिनं पपईच्या पानावर ठेवली होती. ती तिथंच मेली होती.

सरजाबाई चुलीपाशी बसून होती. "तू मारल्यास का गं?"

"न्हाई."

"मग कामून रडायलीस?"

"मी मागितल्या, आत्याबाई. मागितल्या म्हणून मारल्या."

म्हातारीनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

पौर्णिमेची संध्याकाळ. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मांडव गच्च भरलेला. ऊन अजून पिंपळाच्या शेंड्यावर होतं. मूर्तीपुढे गुडघ्याएवढी मेणबत्ती उभी, मधाच्या रंगाची, आणि तिच्या बाजूला झाल्या तेवढ्या बारक्यांचं ताट. लोक कौतुकानं बघत होते. कोणी म्हणालं, "हातात काय जादू हाय बाईच्या!" धम्मशीला माइकजवळ उभी होती. पहाटे तिनं ठरवलं होतं, बोलायचं. दुपारी ठरवलं, नाही बोलायचं. प्रियांकाचं लग्न व्हायचंय, नागेशला गावात तोंड दाखवायचंय. आता काहीच ठरत नव्हतं.

भगवानरावांनी काडेपेटी तिच्या हातात दिली. "लाव."

मेणबत्ती लावली की त्रिसरण, आणि त्रिसरणामागून पंचशील. पंचशिलातलं पहिलं शील कशाचं, ते मांडवातल्या लेकरालाही पाठ. जीव घेणार नाही. आणि ते म्हणायचं कशाच्या उजेडात, तर ह्याच्या! धम्मशीलानं काडी काढली. ती ओढवेना.

तेवढ्यात एक माशी आली. पिंपळावरून खाली, मांडवाच्या झालरीखालून, सरळ. मूर्तीभोवती एक घिरटी घेतली आणि मोठ्या मेणबत्तीवर बसली. मग दुसरी आली. मग आणखी आल्या. मेणावरून चालत, हुंगत, वर-खाली. पुढच्या रांगेतल्या बाया चुळबुळल्या. लेकरं मागे सरकली. भगवानरावांच्या शेजारचा एकजण उठला, खांद्यावरचा टॉवेल त्यानं हवेत उगारला.

"मारू नका!"

माइक चालू होता. तो आवाज स्टेशनापर्यंत गेला. दोन दिवसांत दुसऱ्यांदा वस्तीनं धम्मशीलाचा आवाज ऐकला, आणि आता विश्वास न बसायचा प्रश्नच नव्हता. टॉवेल हवेतच राहिला.

"मारू नका. माझी पाटी खोटी हाय." आता शब्द थांबेनात. "हे मेण चोथ्याचं न्हाई. मोहोळं जाळून काढलेलं हाय. पिल्लासकट. मला ठाव नव्हतं. म्हणजे म्या इचारलंच न्हाई. मी मागत गेले, अन् ते जाळत गेले. तुमच्या घराघरात म्या तेच दिलं. अन् आपल्या बोधिवृक्षावरचं मोहोळ बी ह्याच पौर्णिमेसाठी जाळलं. काल त्याचं पोतं माझ्या दारात व्हतं. पांढरी पिल्लं व्हती, जित्ती माशी व्हती. मी ही मेणबत्ती लावू शकत न्हाई. मला काय म्हणायचं ते म्हणा."

सगळ्या माना एकदम वर गेल्या, फांदीकडे. काळा पट्टा आत्ता दिसला लोकांना. दोन दिवस त्याच्याखालून ये-जा चालली होती, मांडव घातला, झालर लावली, आणि कोणाला दिसला नव्हता! एका बाईनं तोंडावर पदर घेतला. कोणीतरी ताटातून घेतलेली बारकी मेणबत्ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

सगळे भगवानरावांकडे बघायला लागले. आता हा माणूस भडकणार, माइक हिसकावणार. भगवानराव पुढे आले. धम्मशीलाच्या हातातून काडेपेटी घेतली. मेणबत्तीवरच्या माश्यांकडे बघितलं. मग काडेपेटी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि, रेल्वेतला तो आवाज कुठं गेला कोण जाणे, पुटपुटले, "पलिता लावायला म्या सांगितलं व्हतं." आणि जाऊन लोकांत खाली बसले. खुर्चीवर नाही, सतरंजीवर.

"वंदना घे," खालूनच म्हणाले. "बिनमेणबत्तीची घे."

धम्मशीलानं डोळे मिटले. त्रिसरण झालं. मग पहिलं शील आलं. "पाणातिपाता" म्हणाली आणि तिला पुढचं येईचना. आणि मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजानं ते शील उचललं. सरजाबाई होती ती. तिच्यामागून सगळ्यांनी म्हटलं, हळू, एकेक शब्द जपून, जसं काही आजच पहिल्यांदा कळत होतं की आपण काय म्हणतोय.

वंदना संपली. ऊन शेंड्यावरून उतरलं. लोक उठले, पण मूर्तीकडे कोणी गेलं नाही. लांबूनच हात जोडून निघाले. धम्मशीला सासूला धरायला मागे गेली.

"लावली का गं मेणबत्ती?" सरजाबाईनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"मग ते गुणगुण कशाचं व्हायलंय पुढं?"

"माश्या बसल्यात तिच्यावर. लय बसल्यात."

"हाकलल्या न्हाईत का कुणी?"

"न्हाई," धम्मशीला म्हणाली. "घर वळखलंय त्यांनी."